तात्यांचे पाच शब्द

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, धुळ्याच्या बहिणीच्याही नाही — आणि तिला तर मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या बाजारात समोरून गेलात तरी मला कळणार नाही. एवढंच कारण आहे. अंगात धीर आलाय असं काही समजू नका.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नंदुरबारला एका खासगी सेंटरमध्ये मी एमआरआयचं मशीन चालवते. पेशंटच्या अंगावरचं लोखंड, चांदी, पिना काढून ठेवायला लावायच्या. डोक्याभोवती कॉइल बसवायची — प्लास्टिकचा पिंजराच असतो तो. आवाज मोठा येईल, घाबरू नका, हलू नका म्हणायचं, आणि काचेपलीकडे बसून फोटो काढायचे. फक्त काढायचे. वाचायला डॉक्टर असतात. नातेवाइकांनी कितीही गळ घातली तरी 'डॉक्टर सांगतील' यापलीकडे आम्ही तोंड उघडत नाही. पण रोज भाकरी भाजणारीला तवा तापलाय की नाही हे जसं हात न लावता कळतं, तसं एवढी वर्षं लोकांची डोकी आतून बघून आम्हालाही थोडंफार कळतं. कळतं असं म्हणायचं नाही, इतकंच. हे लक्षात ठेवा — मला कळतं. पुढे कुठे मी 'मला बापडीला काय कळणार' असं म्हणाले, तर विश्वास ठेवू नका.

करोनाची भीती ओसरल्यानंतरची गोष्ट. पुण्याहून एक डॉक्टर मॅडम अभ्यासासाठी आमच्या सेंटरवर आल्या. वय वाढतं तसा मेंदू कसा बदलतो, डोक्याला मार लागलेल्याचा कसा दिसतो, विसरण्याचा आजार जडलेल्याचा कसा — हे त्यांना बघायचं होतं. शहरातल्या शिकलेल्या माणसांचे फोटो ढीगभर आहेत, आपल्याकडच्या राबलेल्या माणसांचे कुठेच नाहीत, असं त्या म्हणायच्या. मला ते पटायचं. सकाळी मशीनमध्ये फोटो, दुपारी प्रश्न. आजचा वार कोणता, महिना कोणता, हे पाच शब्द लक्षात ठेवा आणि थोड्या वेळाने मला परत सांगा — असे प्रश्न. फोटो काय दाखवतो आणि माणूस प्रत्यक्षात किती आठवतो, हे दोन्ही शेजारी ठेवून त्या बघायच्या. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

अडचण भाषेची होती. मॅडमची मराठी पुण्याची आणि आमची म्हातारी माणसं अहिराणी बोलणारी. मराठीत विचारलं की ती शाळेत बसल्यासारखी गप्प होतात. सेंटरमध्ये दोन्ही भाषा धड बोलणारी मी. म्हणून दुपारी मशीन रिकामं असलं की प्रश्न सांगायला मी बसायची. मॅडमची एकच अट होती — मी म्हणेन तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही. मी मान डोलवली होती.

त्यांना आजारी माणसं मिळत होती. मिळत नव्हती ती धडधाकट. आजार ओळखायचा तर निरोगी म्हातारपण कसं दिसतं ते आधी माहीत हवं ना? पण ज्याला काही होत नाही असा म्हातारा आपणहून मशीनमध्ये कशाला झोपेल? मॅडम मला म्हणाल्या, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर बघा. आणि मी लगेच म्हटलं — माझे सासरे आहेत ना. ठणठणीत आहेत.

असं का म्हटलं? मॅडमसमोर आपलं घर बरं दिसावं म्हणून. दुसरं काही नाही.

तात्या, म्हणजे माझे सासरे, हयातभर मिरचीच्या पथारीवर मुकादम होते. नंदुरबारच्या बाहेर पडलात तर रस्त्याच्या कडेने लाल मिरची वाळत घातलेली दिसते, त्याच त्या पथाऱ्या. ढिगात हात घालून, मूठ नाकाशी नेऊन, माल अजून ओला आहे की वाळलाय हे ते सांगायचे, आणि व्यापारी ते मानायचे. बोलणं कमी. माझ्याशी तर जवळजवळ नाहीच. आमच्याकडे सासऱ्यासमोर सून डोक्यावरून ओढणी घेते, नजर खाली ठेवते, सरळ प्रश्न विचारत नाही. 'तात्यांना चहा हवा का' हेसुद्धा मी सासूबाईंना विचारायची, आणि तात्या पलीकडच्या खाटेवरच बसलेले असायचे. हसू नका. आमचं तसंच चालतं, आणि त्यात मला कधी जाच वाटला नाही.

सासूबाईंना आम्ही जिजी म्हणतो. त्यांच्याबद्दल मात्र सरळ सांगते — माझं त्यांच्याशी पटत नव्हतं. त्या वाईट होत्या असं नाही. जीभ तिखट होती. पाहुणे आले की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं — आमची वंदना जगाच्या डोक्यात काय आहे ते बघते, पण आमटीत मीठ आहे का ते तिला दिसत नाही. सगळे हसायचे. मीही हसायची. आणि मोरीत जाऊन भांडी जरा जोरात आपटायची. एवढ्याशा गोष्टीचं माणूस किती दिवस मनात ठेवतं? मी बरीच वर्षं ठेवलं.

तर तात्या सेंटरवर आले. धुतलेलं धोतर, टोपी, एखाद्या लग्नाला आल्यासारखे. पहिली पंचाईत करदोट्याची झाली. कमरेला चांदीचा करदोटा, तो काढायला हवा, आणि सुनेने सासऱ्याला ते कसं सांगायचं? आमच्या अटेंडंटला आत पाठवलं. बाहेर मी उगाच संगणकावर काहीतरी करत बसले. मग तात्या झोपले. हलू नका म्हटल्यावर खरोखर हलले नाहीत. इतका शांत पेशंट क्वचित मिळतो. फोटो सुरेख आले.

आणि फोटोत मला दिसलं.

कानाच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना, आठवणी साठवण्याचं काम करणारा छोटा भाग असतो. तो तात्यांच्या वयाला भरलेला असायला हवा होता त्यापेक्षा बारीक झाला होता आणि त्याच्या शेजारची काळी पोकळी मोठी झाली होती. मी तसे फोटो पाहिलेले होते. ते कुणाचे असतात हे मला ठाऊक होतं. मी पुन्हा एकदा बघितलं, मग दुसऱ्या पेशंटचं नाव टाकलं आणि काम सुरू केलं. डॉक्टर बघतील, म्हटलं. आपलं काम फोटो काढण्याचं.

दुपारी प्रश्नांना बसलो. टेबलाच्या एका बाजूला मॅडम, समोर तात्या, आणि मधल्या कडेला मी. एप्रनवरून ओढणी डोक्यावर घेतलेली, आणि मॅडमच्या बाजूने जरा पुढे ओढलेली. मॅडमना ते आवडलं, तसं त्या म्हणाल्यासुद्धा. त्या ओढणीमुळे माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. तात्यांना दिसत होतं. मी हे ठरवून केलं का? नाही. पण थोड्याच वेळात ते माझ्या लक्षात आलं, हेही खरं.

महिना कोणता, असं मॅडमनी विचारलं. मी ते अहिराणीत विचारलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. हा माणूस मला कधीच असा दिसला नव्हता. पथारीवर पन्नास बायकांना एका आवाजात कामाला लावणारा माणूस सुनेसमोर उत्तर शोधत बसलाय आणि सून बघतेय — आमच्याकडे याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. सासूने सुनेसमोर चुकावं, दीराने चुकावं, पण सासऱ्याने नाही. मी म्हटलं, "तात्या, आत्तेच तं गणपती बसनात. मंग भादवाच चालू शे ना?"

"भादवा," तात्या म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. त्यांना वाटलं, मी प्रश्न सांगितला. अहिराणीत प्रश्न जरा लांब असतो, असं त्यांना वाटलं असणार.

मग वाट मोकळी झाली. वीसपासून उलटं मोजायला सांगितलं, ते अर्ध्यात अडकले, तर मी उत्तेजन देतेय अशा सुरात पुढचा आकडा पुटपुटले. आणि मग ते पाच शब्द. पाटी, बैल, नदी, दिवा, मीठ. मी ते सांगितले, त्यांनी म्हणून दाखवले. मध्ये दुसरे प्रश्न झाले. मग मॅडम म्हणाल्या, आता ते पाच शब्द विचारा. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे — माझ्या ओठांकडे. आवाज न करता मी ओठ हलवले. पाटी. ते म्हणाले, पाटी. बैल. ते म्हणाले, बैल. पाचही आले. मॅडम खूश झाल्या, आणि तात्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच माझ्यासाठी म्हणून आलेलं हसू बघितलं.

बराच काळ मी याला मान राखणं म्हणत होते. मनातल्या मनात. सासऱ्याची लाज झाकली, यात काय मोठं पाप केलं? तुम्हीही कदाचित असंच म्हणाल. इथपर्यंतच असतं तर मीही हे लिहायला बसले नसते.

पुढे काही आठवड्यांनी मॅडमनी घरच्यांना बोलावलं. सुनील — माझा नवरा, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे — तो दुकान बंद ठेवून आला. मॅडम म्हणाल्या की फोटोत मेंदू वयापेक्षा जरा जास्त म्हातारा दिसतोय, पण उत्तरं बघता काळजीचं कारण दिसत नाही. उलट अशी माणसं आम्हाला फार महत्त्वाची वाटतात — आतून झिजलंय, पण काम चोख. असं का होतं ते शिकण्यासारखं आहे. सुनीलची छाती फुगली. तात्यांना चहा पाजायला तो घेऊन गेला.

मग मॅडमनी जिजींना एकटीला आत घेतलं. रोज सोबत राहणाऱ्या माणसाला विचारायचंच, असा त्यांचा नियम होता. घरात काही फरक वाटतो का, विसरतात का, स्वभाव बदललाय का. सांगायला अर्थातच मी.

जिजी खुर्चीच्या टोकावर बसल्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या आणि बोलायला लागल्या. खाली बघून, भरभर, अहिराणीत. मॅडमना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. मला सगळं कळत होतं. टोपी कपाटात ठेवतात आणि चोरी झाली म्हणतात. चोरी मीच केली म्हणतात. मिरचीचा वास दुरून ओळखणारा माणूस, परवा चुलीजवळ बसला होता, दूध जळून कोळसा झालं तरी त्याला वास आला नाही. मी विहिरीवर कुणाशी बोलत होते असं विचारतात, आणि आमच्या गल्लीत विहीर नाहीच. पोरांना सांगितलं तर पोरं म्हणतात तुझंच काहीतरी. हा तो माणूस नाही — असं त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी याच्याशी संसार केला, हा तो नाही.

जिजींना एवढं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर तर नाहीच. सुनेसमोर नवऱ्याचं असलं सांगायला लागतंय, हे त्यांना किती कठीण गेलं असेल? पण डॉक्टर विचारतेय म्हणून त्या बोलल्या. आणि मग थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, मी आता हे सगळं पलीकडे पोचवणार म्हणून.

मी मॅडमना म्हटलं, "थोडंफार विसरतात म्हणतायत, वयाप्रमाणे. बाकी ठीक आहे."

झालं. हेच ते. पाच शब्दांवर मी घुटमळत होते, पण सांगायचं होतं ते हे.

मॅडमनी विचारलं, एवढा वेळ बोलल्या त्या, इतकंच? मी हसले. म्हटलं, आमची माणसं पाल्हाळ लावतात हो. मॅडमही हसल्या. जिजींना वाटलं, डॉक्टरांना समजलं. त्यांनी मॅडमना हात जोडले.

का केलं? जिजींचं म्हणणं नीट सांगितलं असतं, तर मॅडमनी तात्यांना परत बसवलं असतं. माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी प्रश्न सांगायला आणलं असतं. आणि मग पाच शब्द आले नसते, माझं पितळ उघडं पडलं असतं. ही भीती होती, आणि ती मोठी होती. पण तेवढीच नव्हती. त्या खुर्चीच्या टोकावर बसलेल्या जिजी, ज्यांचं बोलणं आता माझ्या तोंडातून गेल्याशिवाय कुठेच पोचणार नव्हतं — ते बघून मला बरं वाटलं. अगदी थोडं, पण वाटलं. आमटीतल्या मिठाचं वाक्य मला त्या क्षणी आठवत होतं. हे मी स्वतःलासुद्धा फार उशिरा कबूल केलं.

अभ्यास संपल्यावर छोटासा कार्यक्रम झाला. आलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना शाल-श्रीफळ. मॅडमनी पडद्यावर काही फोटो दाखवले, नावं न सांगता. त्यातला एक मी लगेच ओळखला. हा मेंदू बघा आणि हे आजोबा सगळी उत्तरं बरोबर देतात, असं त्या म्हणाल्या तेव्हा टाळ्या पडल्या. जिजी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी विचारलं, कशाच्या टाळ्या? मी सांगितलं, सगळ्यांचं कौतुक करतायत. त्यांनीही वाजवल्या. मॅडमच्या अभ्यासात त्या एका खोट्या म्हाताऱ्याने किती गोंधळ घातला, मला माहीत नाही. एवढ्या माणसांत एकाने काय होतं, असं मी म्हणायची. मॅडमना पत्र लिहावं, फोन करावा, असं मनात यायचं, आणि पोळ्या लाटायच्या राहिल्यात हेही त्याच वेळी आठवायचं.

त्यानंतर घरात जिजींची बाजू संपली. आधी पोरं 'तुझंच काहीतरी' म्हणायची, आता त्यांच्याकडे डॉक्टरचा आधार आला. तात्या भलतंसलतं बोलले की त्यात काहीतरी तथ्य असणार, आणि जिजी रडल्या की ते त्यांचं नाटक असणार. एकदा सकाळी शेजारचे दोघे ओट्यावर बसलेले असताना तात्यांनी चहाचा कप दूर सारला आणि म्हणाले, "हाई मन्हा च्यामा काहीतरी टाकस."

जिजी तिथेच उभ्या राहिल्या. शेजारी उठून गेले. त्या दिवसापासून तात्या त्यांच्या हातचं खाईनात. माझ्या हातचं खायचे. आमटीत मीठ असो वा नसो.

त्या आठवड्यात सुनीलने मला विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, पाय ओढत आला होता बिचारा. म्हणाला, "तू तथंच काम करस. खरं सांग, तात्याना डोकामा काही शे का?"

त्याने खरं विचारलं होतं हो. भांडायला नव्हता आला. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. फोटो पुन्हा एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवू या — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, माझं काही उघडं पडलंच असतं असंही नाही. मी कणीक मळत होते. मान वर केली नाही.

"रिपोर्ट नॉर्मल शे," मी म्हटलं.

मग जिजी प्रकाशा या गावी गेल्या, भावाकडे. थोडे दिवस जाऊन ये, तात्या शांत होतील, असं सुनीलने सांगितलं. रागाने नाही, समजुतीनेच. त्यांनी एक पिशवी भरली. जाताना तात्यांच्या पाया पडल्या, तात्यांनी पाय मागे घेतले. थोडे दिवस म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. भावाचा मळा तापीजवळ आहे, माणसं चांगली आहेत, पण उतारवयात नवऱ्याने घरातून काढलेली बहीण, हे लोक कसं बोलतात ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथल्या देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यांत कुणी नंदुरबारचं भेटलं की त्या म्हणे विचारायच्या, आमच्याकडे सगळे बरे आहेत ना. मला हे त्यांच्या भावजयीने सांगितलं.

घर मात्र शांत झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला सोपं झालं होतं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. एका सकाळी तात्या घरातून गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत. सापडले एका परक्या पथारीवर, आपल्या जुन्या कामकरी बायकांना नावाने हाका मारत. त्या बायकांपैकी निम्म्या आज हयात नाहीत. सुनील त्यांना धुळ्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा फोटो मागितले. ते मीच काढले. या वेळी करदोटाही मीच सोडला, त्याचं काही वाटण्याच्या पलीकडे तात्या गेले होते. आजाराचं नाव कळलं. सुरुवात आधीच्याच फोटोत दिसते आहे, असं डॉक्टर म्हणाले, पण तेव्हा उत्तरं एवढी चांगली होती म्हणता, तर कुणाला संशय येणार? सुनील मला म्हणाला, बघ, कुणाचीच चूक नाही. मी हो म्हटलं.

लवकर कळलं असतं तर आजार बरा झाला असता का? नसता. ते मला माहीत आहे, आणि त्या माहितीच्या मागे मी पुष्कळ लपले. पण हा माणूस मला चोर म्हणतो तो आजारामुळे म्हणतो — हे जिजींना कळलं असतं. शेजाऱ्यांना कळलं असतं. पिशवी भरावी लागली नसती.

जिजी परत आल्या. सुनीलने रडून माफी मागितली, त्या म्हणाल्या, रडू नको, आधी पाणी दे. तात्यांनी त्यांना ओळखलं की नाही, सांगता येत नाही, पण हातचं खाल्लं. आता सगळं त्याच करतात. आंघोळ, जेवण, धोतर नेसवणं. तात्या पूर्वीसारखं कधी भलतंसलतं बोलतात, त्या ऐकून घेतात. मला त्या आता टोमणा मारत नाहीत. तो मारला असता तर बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटतं.

एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत होतो. तात्या आत झोपलेले. जिजी एकदम म्हणाल्या, "मी प्रकाशाले गयी तवय त्या चांगला व्हतात. डॉक्टरनीच सांगेल व्हतं. मी सोडी गयी, म्हनीसन असं व्हयनं."

मी हातातली जुडी खाली ठेवली. तुम्हाला कळतंय ना, त्या काय म्हणत होत्या? रिपोर्ट चांगला होता. म्हणजे नवरा चांगला होता. म्हणजे आधीचं सगळं त्यांनाच उगीच वाटत होतं, आणि त्या निघून गेल्या म्हणून तो बिघडला. जे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावरचा विश्वाससुद्धा त्यांनी सोडून दिला होता. माझ्या एका वाक्यामुळे. खुर्चीच्या टोकावर बसून त्या काय काय बोलल्या होत्या, ते आता जगात फक्त मला आठवतं.

ओट्यावर आम्ही दोघीच होतो. घाई नव्हती. मी म्हटलं, असं नसतं जिजी. आणि परत मेथी निवडायला लागले.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की तात्यांना रोज काहीतरी विचारत राहा, ओळखीच्या माणसांची नावं विचारा. जिजी संध्याकाळी त्यांना खाटेवर बसवतात आणि विचारतात, मन्हं नाव काय? आयुष्यभरात तात्यांनी त्यांना नावाने हाक मारलेली नाही, आमच्याकडे त्या पिढीत तशी पद्धत नाही. पहिले काही दिवस ते नुसते बघत बसायचे. जिजी मग भात कालवायला घ्यायच्या.

एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले, तेव्हा हा प्रश्न चालू होता. तात्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे. इतकं सगळं पुसलं गेलं, पण उत्तर कुठे मिळतं ते त्यांच्या लक्षात राहिलंय. जिजींची पाठ माझ्याकडे होती. मी ओठ हलवले.

"सुमन," तात्या म्हणाले.

जिजी लाजल्या. खरंच, या वयात लाजल्या, पदर तोंडाला लावला. शेजारी जाऊन सांगून आल्या. ते बघून मी आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

तेव्हापासून रोज तेच चालू आहे. काही दिवसांतच जिजींच्या ध्यानात आलं की मी नसले तर तात्यांना नाव येत नाही. त्यांनी त्याचा काय अर्थ लावलाय कुणास ठाऊक, माझा पायगुण वगैरे म्हणतात. मी कामावरून आले, हातपाय धुतले की खाटेपासून त्यांची हाक येते. आजही आली.

"वंदना, समोर उभी ऱ्हाय वं. तू ऱ्हायनी म्हंजे त्यास्ले याद येस."

मी हात पुसले, ओढणी डोक्यावरून घेतली आणि समोर जाऊन उभी राहिले.